आठ बस्त्या, चौदा दिवस कटिबस्ती आणि माझा डावा पाय

दवाखान्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, हे आधीच सांगते. वैद्यबाई एकट्या काम बघतात, पंचकर्माचे रुग्ण दिवसाला सहा-सातच घेतात, आणि "कुठे नाव टाकू नका, मला झेपणार नाही" असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. शिवाय पुढे मी एक-दोन तक्रारीही लिहिणार आहे. दादर पश्चिमेला, स्टेशनपासून दहा मिनिटं चालत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, एवढं पुरे. मला लिहायचंय ते सायटिकावरच्या आयुर्वेदिक उपचाराबद्दल. कंबर धरून बसलेल्या ज्या बायका मला लेडीज डब्यात रोज भेटतात आणि "तू काय केलंस गं?" म्हणून विचारतात, त्यांना भांडुप ते परळ एवढ्या वेळात सगळं सांगून होत नाही.

मी ४७ वर्षांची. पालिकेच्या रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे, २२ वर्षं झाली. काम बरंचसं उभ्यानं. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिएजंटचा खोका जमिनीवरून उचलला आणि कमरेत काहीतरी निसटल्यासारखं झालं. दोन दिवस कंबर धरली, मग ती सुटली आणि दुखणं पायात उतरलं. डाव्या कुल्ल्यातून निघून मांडीच्या बाहेरच्या अंगानं पोटरीवर, तिथून पावलावरून थेट अंगठ्यापर्यंत. तापलेली तार आतून ओढावी तसं. बसलं की वाढायचं, खोकलं की वाढायचं, शिंक आली की डोळ्यांत पाणी. एमआरआयमध्ये चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी मागे सरकून डाव्या नसेवर दाबत असल्याचं दिसलं. सायटिका.

हाडांचे डॉक्टर चांगले होते. त्यांनी सांगितलं की बहुतेकांची सायटिका काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय उतरते. फिजिओथेरपी लिहून दिली, रात्रीसाठी प्रीगॅबलिन ही नसेच्या दुखण्यावरची गोळी दिली. माझी उतरली नाही. प्रीगॅबलिननं दुखणं थोडं बोथट व्हायचं, पण सकाळी अकराला मायक्रोस्कोपवर डोळे जड व्हायचे. ज्या स्लाइडवर कुणाचा तरी मलेरियाचा रिपोर्ट ठरणार, ती पेंगुळल्या डोळ्यांनी बघणं मला पटेना. डॉक्टरांशी बोलून ती कमी करत बंद केली. मग मणक्यातल्या इंजेक्शनचा विषय निघाला आणि मी घाबरून मागे फिरले.

इथे माझी पहिली चूक झाली. ती सविस्तर सांगते, कारण या सगळ्या लिखाणात कामाची गोष्ट कुठली असेल तर हीच.

२०२२ च्या पावसाळ्यात उपनगरातल्या एका दवाखान्यात गेले. शेजारच्या इमारतीतल्या काकूंना "तीन दिवसांत फरक" पडला होता. बाहेर पाटीवर आयुर्वेदिक असं लिहिलेलं, आत माणसांची रांग. तपासणी दोन मिनिटांची. पुड्या हातात पडल्या: वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या, तपकिरी चूर्णाच्या, ६० पुड्या, सकाळ-संध्याकाळ मधातून. आत काय आहे विचारलं तर "आमचा घराण्याचा योग आहे, जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही." मला तिसऱ्या दिवशी खरंच फरक पडला. फरक म्हणजे काय, मी परळच्या पुलाचा जिना न थांबता चढले. नवऱ्याला फोन करून रडले त्या दिवशी. पाच महिने पुड्या घेतल्या.

दिवाळीच्या फोटोत नणंदेला माझा चेहरा वेगळा वाटला. "वहिनी, गाल किती भरलेत तुमचे, सूज आहे का?" वजन सहा किलो वाढलं होतं, भूक आवरत नव्हती, दंडावर कुठेही लागलं की काळंनिळं. मी लॅबमध्ये स्वतःची उपाशीपोटीची साखर लावली. वर्षभरापूर्वी ९२ होती, आता १३१. मग आमच्याच रुग्णालयातल्या फिजिशियन मॅडमकडे गेले. त्यांनी पुडी उघडून बघितली, माझा चेहरा बघितला आणि सकाळी आठचं कॉर्टिसॉल लावायला सांगितलं. ते आलं २.१, म्हणजे फारच कमी. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचंच थांबलं होतं, कारण बाहेरून मिळत होतं. पुड्या एकदम बंद केल्या असत्या तर रक्तदाब कोसळून मी कुठेतरी प्लॅटफॉर्मवर पडले असते, असं मॅडम म्हणाल्या. योग्य औषध देऊन त्यांनी हळूहळू सात महिन्यांत मला त्यातून बाहेर काढलं. आणि दुखणं? ते पुड्या सुटल्यावर आठ दिवसांत जसंच्या तसं परत आलं.

अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळल्याच्या बातम्या मीही वाचल्या होत्या. २२ वर्षं लॅबमध्ये काढूनही मी त्या पुडीवर नाव मागितलं नाही. दुखणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचं त्राण उरत नाही, हे मला तेव्हा कळलं. म्हणून ज्याला दुखत नाही त्या घरच्या माणसानं प्रश्न विचारायला सोबत जावं.

त्यानंतर आयुर्वेद हा शब्दही नको झाला होता. पुन्हा वळवलं ते सासूबाईंनी. त्यांचं माहेर संगमेश्वरकडचं; कंबर धरली की निर्गुंडीचा पाला वाफवून बांधायचा, हे त्यांचं लहानपणापासूनचं. त्या म्हणाल्या, "ज्यानं तुला फसवलं तो वैद्य नव्हताच. वैद्याकडे एकदा जाऊन तर बघ." नणंद दादरजवळच्या भोईवाड्यात राहते, तिच्या ओळखीतून दादरच्या या वैद्यबाई कळल्या. नोव्हेंबर २०२३, दिवाळी नुकतीच झाली होती.

पहिल्या दिवशी त्यांनी मला ५० मिनिटं दिली. आधी एमआरआयची फिल्म खिडकीकडे धरून बघितली, रिपोर्ट नंतर वाचला. मग मला खोलीत चालायला लावलं. "चरकसंहितेत याला गृध्रसी म्हटलंय. गृध्र म्हणजे गिधाड. बघा, पाय टाकताना तुम्ही तसंच झुकताय." मग त्यांनी क्रम सांगितला: दुखणं आधी नितंबात, मग कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल. ग्रंथातला हा क्रम आणि माझ्या एमआरआयमधली नस, दोन्ही त्यांनी एकाच कागदावर काढून दाखवलं. मला झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलला. ३५ अंशांवर मी ओरडले. तो आकडा त्यांनी केसपेपरवर लिहिला. पायाचा अंगठा त्यांच्या बोटाविरुद्ध वर ओढायला सांगितला, दोन्ही पायांचा, ताकद सारखी आहे का बघायला. हीच तपासणी हाडांच्या डॉक्टरांनीही केली होती, त्यामुळे मला धीर आला.

मी पुड्यांची कहाणी सांगितली. त्या ऐकून घेत होत्या, मध्ये बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आधी साखर, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या करून या. कॉर्टिसॉलचा शेवटचा रिपोर्ट आणा. तोवर मी औषध देणार नाही." आणि केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेननं लिहिलं ते असं: लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, जांघांच्या मधला बैठकीचा भाग बधिर झाला, पाऊल वर उचलता येईनासं झालं, तर इथे यायचं नाही. थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं, त्याच दिवशी. त्यांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं.

मी तिथेच ठरवलं की उपचार इथे घ्यायचे.

औषधं तीन. योगराज गुग्गुळ, महारास्नादि काढा आणि रात्री गरम पाण्याबरोबर गंधर्वहरीतकी. तिन्ही नावं स्वच्छ अक्षरात, मात्रेसकट. त्यांनी स्वतः काही विकलं नाही, दुकानातून घ्यायला सांगितलं. गुग्गुळ मी धूतपापेश्वरचा घेतला, पनवेलची ती कंपनी १८७२ पासूनची आहे. डबीवर परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, घटकांची यादी, सगळं छापलेलं. औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायदा, १९४० आयुर्वेदिक औषधांनाही लागू आहे आणि बाटलीवर हे छापणं बंधनकारक आहे. माझ्या त्या पुडीवर यातलं एक अक्षर नव्हतं.

जड धातूंबद्दल मी त्यांना थेट विचारलं. २००४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली होती आणि त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. तो अभ्यास आमच्या खात्यात चर्चेला आला होता, म्हणून माझ्या डोक्यात होता. वैद्यबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "विचारलंत ते बरं केलंत. योगराज आणि महायोगराज यांच्यात हाच फरक आहे. महायोगराजात नाग, वंग, रौप्य अशा भस्मांचा समावेश असतो. नाग म्हणजे शिसंच. तुमच्यासाठी ते मला नकोय. तुम्हाला मी फक्त वनस्पतींची औषधं देणार, आणि दुकानदारानं 'हे जास्त पॉवरचं आहे' म्हणून महायोगराज पुढे केला तर घ्यायचा नाही." आणि दादरच्या दुकानात खरोखर तसंच झालं. काउंटरवरच्या मुलानं अगदी मायेनं महाचीच डबी काढली होती.

आता मुख्य उपचार. मी १४ दिवसांची रजा टाकली आणि भोईवाड्यात नणंदेकडे राहायला गेले. तेल लावलेल्या अंगानं लोकलच्या गर्दीत आणि वाऱ्यात फिरायचं नाही, अशी अट होती. भांडुपहून रोज येऊन हे जमलं नसतं. ज्यांना रजा मिळणार नाही त्यांनी या उपचाराचा विचार करताना हे आधी धरावं.

पहिले सात दिवस अंगाला तेल, मग पत्रपोट्टली, मग कटिबस्ती. पत्रपोट्टली म्हणजे निर्गुंडी, एरंड वगैरे पाने, लिंबू आणि ओलं खोबरं परतून फडक्यात बांधलेलं गाठोडं. ते गरम तव्यावर तेलात टेकवून कमरेपासून पावलापर्यंत शेकतात. खोलीभर वास येतो तो थेट सासूबाईंच्या चुलीपुढचा. हे मला मनापासून आवडलं, पण त्याचा परिणाम दोन-तीन तासांपुरता.

कटिबस्तीबद्दल मात्र नीट सांगते. तिथे एक मावशी आहेत, पन्नाशीच्या, बोलायला कमी. त्या उडदाचं पीठ भाकरीच्या पिठापेक्षा जरा घट्ट मळतात. त्याची दीड-दोन बोटं जाडीची लांब वळी करून पालथं झोपलेल्या माणसाच्या कमरेवर गोल पाळं बसवतात. पाळं बसवलं की ओल्या अनामिकेनं आतून-बाहेरून कड दाबत फिरतात, जिथे कातडी आणि पीठ मिळतं तिथे एकही फट राहू नये म्हणून. बोट कमरेवरून फिरत असताना काय चाललंय ते न बघता कळतं: एक फेरी आतून, एक बाहेरून, मग जिथून सुरुवात केली तिथे एक हलका दाब. त्यानंतर सहचरादि तेल. वाटीतलं तेल आधी त्या स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर घेतात, थांबतात, मगच पाळ्याच्या कडेनं सोडतात, मधोमध नाही. तेल पसरत मध्यावर येतं आणि ऊब आत उतरत जाते. पाच-सात मिनिटांनी कापसाच्या बोळ्यानं थोडं तेल टिपून काढायचं, तेवढंच गरम तेल परत घालायचं. असं ४० मिनिटं. चौथ्या दिवशी त्या पाळ्याखाली मला झोप लागली. दोन वर्षांत पालथं झोपून मला झोप लागली नव्हती.

पाचव्या दिवशी मावशी रजेवर होत्या. नवी मुलगी होती, तिनं तेल मनगटावर घेतलं नाही. पाळ्यात तेल पडलं आणि मी किंचाळले. कमरेवर रुपयाएवढा फोड आला. वैद्यबाई शेजारच्या खोलीतून धावत आल्या, थंड पाण्यानं धुतलं, कोरफडीचा गर लावला, त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत, आणि झालेली गोष्ट माझ्या केसपेपरवर लिहिली. त्यांनी लपवलं नाही हे मला महत्त्वाचं वाटलं. पण भाजलं ते भाजलंच. नवीन माणसाला एकटं सोडायला नको होतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं. मधुमेहामुळे ज्यांची कातडी बधिर झालीय त्यांना तर असं तेल कळणारही नाही. त्यांनी जाण्याआधी हे सांगितलंच पाहिजे.

सातव्या दिवसापासून बस्ती. मोकळेपणानं लिहिते, कारण याबद्दल बायका कुजबुजत विचारतात. बस्ती म्हणजे गुदमार्गानं औषध; कमरेवरची कटिबस्ती ती वेगळी. आयुर्वेदात कंबर आणि पायाचं असं दुखणं वाताचं मानतात आणि वातावर बस्ती हा पहिला उपचार. चरकसंहितेत गृध्रसीसाठी तीन गोष्टी सांगितल्यात: शिरेतून रक्त काढणं, बस्ती आणि अग्निकर्म म्हणजे तापलेल्या शलाकेचा चटका. रक्त काढायचा विषय त्यांनी काढला नाही. अग्निकर्माला मी नको म्हटलं, त्यांनी आग्रह केला नाही. बस्त्यांचे क्रम ठरलेले असतात. ३०, १६ किंवा ८. मला आठाचा, त्याला योगबस्ती म्हणतात. पाच तेलाच्या, तीन काढ्याच्या, पहिली आणि शेवटची तेलाची.

तेलाची बस्ती जेवण झाल्यावर देतात, साधारण ६० मिली, आणि ती आत जितकी राहील तितकी चांगली. त्रास काहीच नाही. काढ्याची बस्ती उपाशीपोटी, ४०० मिलीच्या वर. ती बनवताना मी बघायला मागितलं, त्यांनी आनंदानं दाखवलं. आधी खलात मध आणि सैंधव घोटायचं, ते एकजीव झालं की थोडं थोडं तेल, मग वाटलेली चूर्णं, शेवटी दशमुळांचा कोमट काढा. क्रम बदलला तर तेल वर तरंगतं. क्रम पाळला तर एकसारखं, दुधाळ तपकिरी मिश्रण होतं, ढवळायचं थांबवलं तरी फुटत नाही. इमल्शन कसं होतं हे मला कामामुळे ठाऊक आहे. मधानं ते इतकं सुरेख धरून ठेवलेलं बघून मी तिथेच उभी राहिले. आपल्याकडच्या कुणी तरी हे शेकडो वर्षांपूर्वी करून, चुकून, पुन्हा करून क्रमाला बांधून ठेवलंय, याचा मला त्या क्षणी फार आदर वाटला.

काढ्याची बस्ती ४८ मिनिटांच्या आत बाहेर पडायला हवी असं सांगितलेलं आहे. माझी दहा मिनिटांत पडायची. आणि इथे दुसरी तक्रार: दवाखान्यात शौचालय एकच. एका सकाळी माझ्याबरोबर आणखी एका बाईंची काढ्याची बस्ती लावली होती. त्या बिचाऱ्यांना बाहेर उभं राहावं लागलं, त्यांचे डोळे भरून आले होते. एका सकाळी एकच बस्ती, एवढा नियम करणं अवघड नाही. मी तसं लिहूनही दिलंय.

आणि पहिला मजला, लिफ्ट नाही. कमरेच्या रुग्णांसाठी २१ पायऱ्या.

खर्च लिहिते, कारण कुणी लिहीत नाही. पहिली तपासणी ८००. पत्रपोट्टली ८०० प्रमाणे सात दिवस ५,६००. कटिबस्ती ९०० प्रमाणे १४ दिवस, त्यातला एक माफ, ११,७००. बस्ती ७०० प्रमाणे आठ, ५,६००. एकूण २३,७००. औषधं महिन्याला १,४०० च्या आसपास, ती चार महिने घेतली. ज्यांना हे परवडणार नाही त्यांच्यासाठी वरळीला पोदार आहे, १९४१ पासूनचं सरकारी आयुर्वेद महाविद्यालय, त्याला जोडून रुग्णालय आहे. सायनला आयुर्विद्या प्रसारक मंडळाचं रुग्णालय आहे. पंचकर्म दोन्हीकडे होतं.

आता फरक. चौदाव्या दिवशी पाय ५५ अंशांपर्यंत उचलला गेला. दहापैकी सात असलेलं दुखणं चारावर आलं. सहा आठवड्यांनी तीनवर. डाव्या कुशीवर झोपता यायला लागलं. पॅरासिटामॉल रोजची होती, ती महिन्यातून चार-पाचवर आली. अंगठ्याच्या टोकाला मुंग्या होत्या त्या अजूनही आहेत, त्या गेल्या नाहीत. एमआरआय परत काढलेला नाही. गादी जागेवर आली असं वैद्यबाईंनीही कधी म्हटलं नाही. सहा आठवड्यांनी लिव्हर बघितलं: एसजीपीटी आधी २४, नंतर ३१. किडनीचं क्रिएटिनिन ०.८, होतं तेवढंच. साखर ९६.

बरं वाटलं ते कशानं, असं मला लॅबमधल्या सहकाऱ्यांनी विचारलं. माझं प्रामाणिक मत असं की चौदा दिवस एक अख्खी गोष्ट घडली. मी खोके उचलले नाहीत. रोज दोन तास कमरेला ऊब मिळाली. कोणीतरी रोज दुखऱ्या जागेवर हात ठेवून "काल कसं होतं?" विचारत होतं. रात्री साडेआठला गरम जेवण, दह्याला आणि वालाला सुट्टी, पोट साफ. आणि त्यानंतर मी फिजिओथेरपीचे व्यायाम पुन्हा सुरू केले, जे आधी दुखण्यामुळे करताच येत नव्हते. उपचारानं मला व्यायाम करता येण्याइतकी जागा करून दिली, असं मी म्हणेन. व्यायाम सोडला की दुखणं डोकं वर काढतं, हेही मी अनुभवलंय.

कारण गणपतीला ते परत आलं. सप्टेंबर २०२४, गावाला एसटीनं १३ तास, परत येताना तसंच. आल्यावर दुखणं सहावर. माझा धीर सुटला होता, "सगळं वाया गेलं" असंच वाटलं. वैद्यबाईंनी तपासलं, अंगठ्याची ताकद बघितली, म्हणाल्या, पावसाळ्यात वात वाढतोच, त्यात एवढा प्रवास. पाच दिवस कटिबस्ती आणि रोज तेलाची छोटी बस्ती. तीन आठवड्यांत पुन्हा तीनवर. म्हणजे हे मुळापासून बरं झालेलं नाही. मी त्याला सांभाळून राहायला शिकलेय, आणि वर्षातून एकदा हा खर्च धरून चाललेय.

नणंदेचे गुडघे आता धरायला लागलेत. तिला मी पुढच्या मंगळवारी तिथेच नेतेय. गुडघ्यांच्या बाबतीत तर भारतात झालेली चांगली चाचणी आहे, २०१३ मध्ये छापून आलेली, ४४० रुग्णांवरची. त्यात आयुर्वेदिक औषधं ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या नेहमीच्या औषधांच्या तोडीची ठरली, पण काही रुग्णांत एसजीपीटी वाढलं होतं. म्हणून ताईचं लिव्हर मी सुरुवातीला आणि दर सहा आठवड्यांनी बघणार. एक्स-रे, साखरेचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत भरून ठेवायला सांगितलंय. प्रश्न विचारायला मी असेन. त्या २१ पायऱ्यांसाठी अर्धा तास आधी निघू.